दुधाच्या शेळ्यांना मक्याचा भरडा वाढवला तर गॅस खरंच कमी होतो का?

अमळनेरकर_शेळीवाला
राम राम मंडळी. १२ सुरती शेळ्या आहेत, दिवसाला दीड लिटरच्या आसपास देतात. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, हरभऱ्याचं कुटार आणि वरून सरकीची ढेप असं चालू आहे. परवा एक खाद्यवाला आला आणि म्हणे कडबा बंद करा, नुसता भरडा द्या, शेळीचा मिथेन (पोटातला गॅस) निम्मा होतो आणि ती शक्ती दुधात जाते. आता हे खरं की माल खपवायची गोष्ट? आणि गॅस गेला तर माझं काय जातं भो?

दादरवाला
जातं ना भो, चाऱ्याचे पैसे तुझेच. पोटात चारा आंबतो तेव्हा हायड्रोजन सुटतो, तो तिथलेच जंतू वापरून मिथेन करतात आणि शेळी ढेकर देऊन बाहेर टाकते, मागून नाही, बहुतेक तोंडातूनच. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची जागतिक समिती, तिच्या जुन्या हिशोबात लहानमोठ्या सगळ्या धरून शेळीमागे वर्षाला ५ किलो, म्हणजे दिवसाला १३-१४ ग्रॅम. एका ग्रॅममध्ये साधारण १३ कॅलरी (आहारवाल्या मोठ्या कॅलरी), म्हणजे पाव लिटर दुधात असते तेवढी शक्ती रोज हवेत, आणि दुभती पोटभर खाते म्हणून तिचा आकडा यापेक्षा जास्तच. पण गॅस वाचला म्हणून ती सगळी बादलीत येत नाही हां.

खाद्यवाला अर्धं खरं बोलला. चारा आंबून पोटात आम्लं बनतात, कडब्यातल्या तंतूंपासून अ‍ॅसिटेट नावाचं जास्त बनतं आणि हायड्रोजन जास्त सुटतो, मक्याच्या स्टार्चपासून प्रोपिओनेट नावाचं बनतं आणि ते हायड्रोजन खाऊन टाकतं, म्हणून गॅस कमी. पण दुधाचं फॅट त्याच अ‍ॅसिटेटवर बनतं, कडबा बंद केलास की फॅट पडलंच समज.

तापीकाठ
फॅटचं सोडा, जीव जाईल. मी पण असाच एकाचं ऐकून दोन दिवसांत भरडा एकदम किलोवर नेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी एक शेळी कोपऱ्यात दात खात बसलेली, रवंथ बंद, लेंड्यांच्या जागी आंबट वासाचं पातळ शेण. डॉक्टर येईपर्यंत गेली. तेव्हापासून भरडा वाढवायचा तर दोन-तीन दिवसांनी ५० ग्रॅम आणि तोही सकाळ-संध्याकाळ वाटून, आधी चारा मग भरडा.

गप्पू_धुळे
लोकांना कडबा मिळेना आणि तुम्ही ढेकरा मोजायला बसले 😄

बांधावरची_बाभूळ
हसू नको रे, फुकटातला उपाय आहे. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा खाली पडतात त्या गोळा करून ठेवा, त्यातल्या टॅनिनने मिथेन करणारे जंतू दबतात. शेळी मुळात झाडपाल्यावर जगणारं जनावर, तुरट तिला गाईपेक्षा जास्त सोसतं. पण शेंगा कुटून आणि थोड्याच, नाहीतर आख्खं बी लेंडीतून बाहेर पडतं आणि टॅनिन जास्त झालं तर प्रथिनं पण पचत नाहीत, म्हणजे महागाची ढेप वाया. तेलाचं पण तसंच, सरकीतल्या तेलाने गॅस कमी होतो पण एकूण सुक्या खाण्यात तेल सहा-सात टक्क्यांवर गेलं की कडबा पचणं बिघडतं. आणि करडांना सरकी नको.

दादरवाला
बरोबर. आणि एक राहिलं, गॅसपेक्षा मोठी गळती लेंड्यांतून होते, न पचलेला चारा. चारा चांगला झाला तर शेळी खाते जास्त, तिचा एकूण गॅस थोडा वाढेल पण दूध त्याहून जास्त वाढतं, म्हणून लिटरमागे कमी पडतो. शेळीमागचा आकडा बघू नको, लिटरमागचा बघ.

अमळनेरकर_शेळीवाला
खाद्यवाल्याला नाही म्हटलं. आज गव्हाणीत उरलेलं वजन केलं, २० किलो कडबा टाकलेला, ७ किलो नुसत्या जाड कांड्या परत निघाल्या, पानं तेवढी ओरबाडून घेतली होती. आजपासून कुट्टी करून कुटारात मिसळतोय, भरडा सध्या १०० ग्रॅमच. शेजाऱ्याचं कडबाकुट्टी मशीन आहे, लाइट रात्री येते तेव्हा जाऊन बसावं लागेल.