टाळ्या वाजवून काय होणार?

एकांनी विचारलंय की डिमेन्शियाच्या (स्मरणशक्ती जात जाते त्या आजाराच्या) पेशंटना गोळा करून गाणी म्हणत टाळ्या वाजवून काय होणार. माझ्या आईला हा आजार होता, तिला मी अशाच एका गटात न्यायचे. अहो आठवण परत येत नाही हे खरंच, आईची पण नाही आली. पण सकाळी काय खाल्लं ते न आठवणारी बाई भोंडल्याची गाणी सलग म्हणायची, जुनं पाठांतर आणि चाली बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकतात ना, आणि तेवढा वेळ ती पेशंट नसायची, उलट बाकीच्यांना शिकवायची!

खरं सांगू, जास्त फायदा मला झाला. त्यांची गाणी चालू असताना बाजूच्या खोलीत आम्ही सांभाळणारे बसायचो, चहा आणि रडगाणं. आई रोज तिन्हीसांजेला "घरी जायचंय" म्हणायची आणि मी रोज वाद घालायचे की अगं हेच आपलं घर. तिथल्या एका काकांनी सांगितलं, वाद नको, चप्पल घालून बिल्डिंगला एक फेरी मारून आणा. बहुतेक वेळा ही युक्ती लागू पडायची की!

असे गट कुठे भरतात त्याची मुंबईत डिग्निटी फाउंडेशन (ज्येष्ठांसाठी काम करणारी संस्था) आणि एआरडीएसआय (अल्झायमर आणि तशा आजारांसाठीची संस्था) हिच्या मुंबई शाखेकडे चौकशी करा, शिवाय १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. गटाला जायला शक्यतो सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी गोंधळ वाढतो, आणि पीक अवरची लोकल तर नकोच. पेशंटच्या पर्समध्ये नाव-फोनची चिठ्ठी ठेवाच ठेवा. आमची आई एकदा मी सोबत असूनही गर्दीबरोबर कुर्ल्याला उतरून गेली, अर्धा तास जीव टांगणीला.