कचरा वेगळा करायचा कोणी: गाळेधारकांनी की इमारत सांभाळणाऱ्यांनी?

मूळ पोस्ट
मी एका व्यापारी संकुलाची देखभाल बघतो. ओला-सुका वेगळा करून द्यायचा, असं गाळेधारकांच्या करारात लिहिलेलं आहे. येतं मात्र सगळं एकाच काळ्या पिशवीत. काल एक उघडली. वर पुठ्ठ्याची चांगली खोकी, मध्ये सांडलेलं उष्टं, तळाशी मोबाईलची फुगलेली बॅटरी. आमचे सफाई कामगार त्यात हात घालतात. ज्याचा कचरा, त्यानेच तो जागच्या जागी वेगळा करावा. पुठ्ठ्यात एकदा तेल मुरलं की तो लगद्याच्या कामाचा राहत नाही, मग खाली कितीही निवडा.

प्रतिसाद १
मी गाळेधारक आहे. आम्ही दोन डबे ठेवले, पोरांना शिकवलं. एका रात्री तळघरात गेलो तर आमच्या इमारतीची माणसं दोन्ही पिशव्या एकाच ढकलगाडीत ओतत होती. दुसऱ्या दिवशी पोरं म्हणाली, मग आपण कशाला मरायचं? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कचराखोलीची किल्ली, उचलणाऱ्याशी करार, गाडीची वेळ, सगळं व्यवस्थापनाच्या हातात. आमच्याकडे फक्त डबा.

प्रतिसाद २
पहिल्या प्रतिसादाशी सहमत, पण डबा म्हणजे थोडं नव्हे. बॅटरी त्यातच पडते ना? लिथियमची बॅटरी कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडली की पेट घेते. गाडीवरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ती चूक व्यवस्थापनाच्या माथी मारू नका.
एक करता येईल. काळ्या पिशव्या बंद करा. पारदर्शक पिशवी द्या आणि तिच्यावर गाळा क्रमांक लिहा. आत काय आहे आणि कोणाचं आहे, दोन्ही दिसतं.

प्रतिसाद ३
क्रमांक लिहून गाळेधारकांवर पाळत ठेवणार, आणि ढकलगाडीवर कोण ठेवणार? आधी ओला कचरा रोज आणि सुका ठरावीक दिवशी, असं वेगळं उचलायला लावा. ॲल्युमिनियमचे डबे वितळवून पुन्हा वापरले तर खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. तेच उष्ट्यात मिसळून डेपोवर गेले, तर गाळ्यात घेतलेली सगळी मेहनत वाया.

मूळ लेखक
ढकलगाडीचं बोलणं लागलं, कारण आमच्याकडेही एकच आहे. दुसरी मागवतो, उचलणाऱ्याशीही वेगळ्या फेऱ्यांचं बोलतो. पण क्रमांकाचा आग्रह सोडणार नाही. त्या बॅटरीवर हात आमच्या माणसाचा पडला होता.