पिटमध्ये वही घेऊन आलेल्या पोराला हेर म्हणू नका

माजी ड्रायव्हर: "स्काउटिंग म्हणजे हेरगिरी, दुसऱ्याच्या पिटमध्ये डोकावण्यापेक्षा आपला रोबो बघा", ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. स्काउटिंग म्हणजे दुसऱ्या टीमच्या पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्तीच्या जागेत, जाऊन विचारणं आणि त्यांचे सामने बघून नोंदी करणं. एफआरसी या शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेत तीन-तीन टीमच्या आघाड्या एकमेकींविरुद्ध खेळतात, आणि पात्रता सामन्यांत तुमचे दोन साथीदार वेळापत्रक ठरवतं. आत्ता समोर असलेला रोबो तासाभरात तुमच्याच बाजूला येतो. ऑटोनॉमसमध्ये, म्हणजे रोबो आपोआप चालतो त्या सुरुवातीच्या वेळेत, तो कुठून सुटतो हे विचारलं नाही, तर सुरुवातीलाच टक्कर. आमची झाली होती. इनटेक (वस्तू आत ओढणारा भाग) वाकला आणि पुढचे दोन सामने आम्ही नुसता बचाव केला. त्या टीमची मुलगी सकाळी वही घेऊन आमच्याकडे आली होती. मीच तिला "नंतर ये" म्हणून परत पाठवलं होतं.

आणि पात्रता सामन्यांनंतर कर्णधार साथीदार निवडतात, त्या निवडीचं काय? आघाड्या 8. पहिली फेरी 1 ते 8, दुसरी उलटी. पहिल्या आघाडीला तिसरा रोबो घ्यायची पाळी येईपर्यंत कर्णधारांसह 23 रोबो गेलेले असतात. उरलेल्यांतला कामाचा कोण, हे क्रमवारी बघून कळत नाही.

कालची पोस्ट लिहिणारा: साथीदाराला विचारण्याला माझी हरकत नाही. पण इथे बॅटरी बदलायला वेळ नसतो आणि एकामागून एक पोरं येतात: ड्राइव्हट्रेन (चाकं-मोटरची रचना) कोणती, वजन किती, वर चढता येतं का. उत्तरं तरी कोण खरी देतं? सगळेच फुगवून सांगतात. ही स्पर्धा उभी करणाऱ्यांपैकी वुडी फ्लॉवर्स यांचं 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' (जिद्दीने खेळा, पण समोरच्याचा मान राखा) बॅनरवर लावायचं आणि दुसऱ्याच्या उणिवा वहीत टिपायच्या! प्रत्येक टीमचा ओपीआरचा आकडा आयता मिळतो, तो बघा.

आकडे बघणारी: फुगवून सांगतात, म्हणूनच तर सामने डोळ्यांनी बघावे लागतात. ओपीआर आघाडीच्या एकत्र गुणांतून एकेका टीमचा वाटा काढतो. समोरच्याला अडवून धरणाऱ्या रोबोचं काम त्यात दिसतच नाही. आम्ही एकदा ओपीआर कमी असलेली टीम घेतली, कारण आमच्या नोंदीत होतं, "दोनदा बॅटरीची वायर निसटली, बाकी सामन्यांत एकदाही अडकला नाही." वायर नीट बसवली आणि अंतिम फेरी गाठली.

एका मुलीची आई: या नोंदी कोण करतं, ते बोला ना. मैदानात 6 रोबो, म्हणजे स्टँडमध्ये 6 पोरं, दिवसभर. दोन वर्षं त्यांत माझी मुलगी होती. का, तर "तुझं अक्षर चांगलं आहे". पाना एकदाही हातात दिला नाही. घरी येऊन दुसऱ्यांच्या रोबोचे गिअरबॉक्स तिने मला समजावले, स्वतःच्या टीमचा उघडलेला तिला बघायलाही मिळाला नव्हता.

मेंटर: ताई, स्काउटिंग लीड हे मोठं काम आहे. निवडीच्या वेळी कर्णधार तिच्याच यादीवर विसंबून असतो. त्याला शिक्षा म्हणू नका.

एका मुलीची आई: एवढं मोठं काम असेल, तर तुमच्या ड्रायव्हरला आणि प्रोग्रामिंगवाल्यांना बसवा की एक सकाळ! दोन वर्षांत एकदाही का नाही बसले ते?

मेंटर: ड्रायव्हर बदलला की सामना गेला. एवढी साधी गोष्ट पालकांना कळत नाही आणि वर आरोप करतात.

एका मुलीची आई: आरोप नाही, जे झालं ते सांगतेय. आणि सामना गेला तर गेला. तिची दोन वर्षं गेली.

कालची पोस्ट लिहिणारा: हेच तर माझं म्हणणं. बंद करा स्काउटिंग.

एका मुलीची आई: माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पाळ्या लावा म्हणते.

माजी ड्रायव्हर: ताई, तुमचं बोलणं लागलं. मी तीन वर्षं ड्रायव्हर होतो, स्टँडमध्ये एक सामनाही बसलो नाही. बसलो असतो, तर त्या मुलीला परत पाठवलं नसतं.

मेंटर: ड्रायव्हर मी हलवणार नाही, त्यावर वाद नको. इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रामिंगच्या मोठ्या मुलांना 10-10 सामन्यांच्या पाळ्या लावतो. त्या वेळात स्टँडमधली मुलं पिटमध्ये.

एका मुलीची आई: पिटमध्ये नुसती उभी नकोत. हातात पाना हवा.

मेंटर: बरं. पाना देतो.

कालची पोस्ट लिहिणारा: मी आमच्या पिटबाहेर वजन, ड्राइव्हट्रेन आणि ऑटोनॉमसचा मार्ग लिहिलेला कागद लावतो. खरा लिहितो. बॅटरी बदलताना मात्र कुणी आलं, तर थांबावं लागेल.