पाळीचा कप गळतो म्हणजे लहान पडतो असं नाही

मासिक पाळीत रक्त साठवायला आत घालतात तो कप (मेन्स्ट्रुअल कप) गळत असेल तर सरळ मोठा साइज घ्या, असा सल्ला दिला जातो, पण तो अर्धाच बरोबर आहे. आधी गळाल्यावर कप काढून आत किती रक्त आहे ते बघा. काठोकाठ भरलेला असेल तर तो लहान पडतोय किंवा उशिरा रिकामा होतोय. (बहुतेक कपांत २० ते ३० मिली मावतं. गर्भाशयाचं मुख खाली असेल तर ते कपात उतरून जागा खातं, मग त्याहूनही कमी.) पण कप जवळजवळ रिकामा असूनही पॅन्टीला डाग पडत असतील, तर साइज बदलून काही होणार नाही. तो आत नीट उघडलेला नाही, नाहीतर मुखाच्या बाजूने सरकून वर गेलाय. घालण्याआधी मुख कुठे आहे ते बोटाने चाचपा, ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, आणि कपाचा रोख तिकडे ठेवा. घातल्यावर बुडाभोवती बोट फिरवा. खोलगट घडी लागली तर बूड धरून कप गोल फिरवा, देठ ओढू नका.

आणखी एक गोष्ट: कपाच्या काठाखालची बारीक भोकं. ती तुंबली की कप उघडायला आणि पकड घ्यायला त्रास देतो. कपात पाणी भरून तोंडावर तळवा दाबा आणि पिळा, भोकांतून चिळकांड्या उडाल्या की साफ. बद्धकोष्ठतेतही मागून दाब येऊन कप चेपतो, तेव्हा त्या दिवसांत सोबत पातळ पॅड लावलेलं बरं.