बाबा आर्वीहून नागपुरात आले, बोलायला कोणी नाही. ओळखी आणि मोबाईल दोन्ही कसं जमवावं?

त्रिमूर्तीनगर_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर आर्वीचं घर बंद करून आमच्याकडे त्रिमूर्तीनगरला आले. तिकडे ओट्यावर बसलं की माणसं आपोआप यायची, इथे लिफ्टमध्येही कोणी मान वर करत नाही. रोज सकाळी बगीच्यात दोन चकरा मारतात आणि परत येतात. विचारलं तर म्हणतात, "ओळख ना पाळख, काय बोलू बाप्पा?"

नवीन अँड्रॉइड फोन घेऊन दिला आहे. आलेला फोन उचलता येतो, पण लावायला गेले की आयकॉन इकडचे तिकडे होऊन जातात. टाइप करणं तर दूरच. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू कसं करावं आणि फोनमध्ये नेमकं काय करून ठेवावं, दोन्ही सांगा. "हळूहळू जमेल" हे सोडून काहीही चालेल.

खामला_कट्टा

पहिली गोष्ट वेळेची. रोज एकाच वेळी, एकाच बाकावर बसायला सांगा. वेळ बदलत राहिली की माणूस ओळखीचा वाटतच नाही. पहिले चार-पाच दिवस फक्त नमस्कार. समोरचा "राम राम" म्हणाला तर राम राम, "जय भीम" म्हणाला तर जय भीम. ज्याने ज्या शब्दात केला त्याला त्याच शब्दात परत द्यायचा.

चकरा मारणाऱ्याला थांबवू नये. त्याचा दम मोडतो आणि तो "हो हो" करून निघतो. बोलण्याची खरी वेळ चकरा संपल्यावरची, माणूस घाम पुसत बाकावर टेकतो तेव्हाची. सहा-सात जणांच्या घोळक्यात शिरण्यापेक्षा एकटा किंवा दोघं बसलेत तिथे जावं. घोळक्याचा विषय आधीच रंगलेला असतो, नवीन माणूस काठावर उभा राहतो.

आता बोलायचं काय? "ऊन लय आहे ना" म्हटलं की "हो ना" येतं आणि तिथेच संपतं. त्याऐवजी छोटं काम सांगावं किंवा सल्ला मागावा. "कूलरचं गवत बदलून देणारा कोणी ओळखीचा आहे का?" नागपुरात मार्चनंतर या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला माहीत नाही. गवत की खस, पंप कोणता, मागच्या वर्षी कोणी लुटलं, सगळं निघतं. पेपर वाचणाऱ्याला "झालेलं एक पान देता का?" म्हणावं. पान परत करताना त्यातल्याच बातमीवरून दुसरं वाक्य सुचतं.

तुमचे बाबा आर्वीचे, म्हणजे संत्र्याबद्दल त्यांना शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळत असणार. आंबिया बहाराचं संत्रं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून पुढे. कळमन्याच्या बाजारातून पेटी आणणाऱ्यांपैकी अनेकांना हा फरक ठाऊक नसतो. कोणी "यंदा संत्रं आंबटच आहे" म्हणालं की बाबांना बोलायला जागा मिळाली. फक्त पहिल्याच दिवशी व्याख्यान नको.

"गाव कोणतं?" हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला प्रश्न. "आडनाव काय?" हा सगळ्यात वाईट, कारण तो कशासाठी विचारला ते दोघांनाही माहीत असतं. पेन्शन, सुनेचं जमतं का, बीपी-शुगरचे आकडे, हे समोरच्याने काढलं तरच. दोनदा त्रोटक उत्तर आलं तर विषय सोडावा, त्या दिवशी त्याला बोलायचं नाही, बस्स. निघताना "चला, दूध घ्यायचं आहे, उद्या भेटू" म्हणून आपणच आधी उठावं. चांगलं चाललेलं बोलणं अर्धवट सोडलं की दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही.

बर्डी_मोबाईलवाला

आयकॉन पळण्याचं कारण सांगतो. वयस्कर माणसं स्क्रीनवर टिचकी मारत नाहीत, बटण दाबल्यासारखं बोट दाबून धरतात. फोनला वाटतं आयकॉन हलवायचा आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, तिथे "टच अँड होल्ड डिले" शोधा (काही फोनमध्ये तो टायमिंग कंट्रोल्सच्या आत असतो) आणि "लाँग" करा. सॅमसंग असेल तर होम स्क्रीन सेटिंग्जमध्ये "लॉक होम स्क्रीन लेआउट" चालू करा, म्हणजे दाबून धरलं तरी काही हलणार नाही. बोटं कोरडी, भेगाळलेली असतील तर स्पर्शच लागत नाही. वरून जाड, स्वस्त काच लावली असेल तर आणखी वाईट. काच बदला आणि बोटाला थोडं तेल-पाणी लावायला सांगा.

मग पहिल्या पानावरचं सगळं काढून टाका. रिकाम्या जागेवर दाबून धरा, विजेट्समध्ये जा, कॉन्टॅक्ट्समधलं थेट फोन लागणारं, एका आयकॉनएवढं विजेट ठेवा. अशी चारच माणसं, फोटोसकट. फोटोवर टिचकी मारली की फोन लागला, मध्ये काही नाही. त्याखाली व्हॉट्सॲप आणि कॅमेरा. यूट्यूब दुसऱ्या पानावर ढकला, नाहीतर फोन त्याच्याचसाठी राहतो.

बगीच्यात नंबर घ्यायचा तर आकडे लिहीत बसू नका, एक आकडा चुकतोच. "तुमच्या फोनवरून मला मिस कॉल द्या" एवढं म्हणायचं. मग आलेल्या कॉलवर जाऊन नंबर सेव्ह करायचा आणि नावासोबत जागा टाकायची: "देशमुख बगीचा सकाळ". नाहीतर महिन्याभरात तीन देशमुख होतात. नाव टाइप करायची गरज नाही. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, कीबोर्डवरचा माइक दाबून नाव बोला. आडनावं कधीकधी चुकीची उतरतात, तेवढं पाहून घ्यावं.

व्हॉट्सॲपवर लिहिण्यापेक्षा आवाजाचा मेसेज शिकवा. माइक दाबून धरून बोलायचं आणि सोडलं की जातो. दाबून धरणं आणि बोलणं एकदम जमत नसेल तर माइक दाबून बोट वर सरकवा, कुलूप लागतं, मग हात मोकळा. बोलून झालं की बाण. मेसेज गेलाच नाही तर नव्वद टक्के वेळा बोट लवकर सुटलेलं असतं, किंवा व्हॉट्सॲपला माइकची परवानगी दिलेली नसते. पहिले दहा मेसेज घरातल्याच माणसाला पाठवायला लावा.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स "माय कॉन्टॅक्ट्स" वर ठेवा, कॉल्समध्ये "सायलेन्स अननोन कॉलर्स" चालू करा आणि अकाउंटमधून सहा आकडी टू-स्टेप पिन टाका. नवीन ओळखींतून ग्रुप येणार आणि ग्रुपातून लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी) कधी ना कधी येणार. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की हातही लावायचा नाही, ओळखीच्या माणसाकडून आली तरी. त्याचाच फोन आधी हॅक झालेला असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

धरमपेठ_श्रवण

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही: त्यांना नीट ऐकू येतं का? वयानुसार आधी बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, फ पुसट होतात, म्हणून माणूस म्हणतो "ऐकू येतं, पण समजत नाही". घरात शांततेत कळून येत नाही, बगीच्यात चार जण एकदम बोलले की कळतं. असा माणूस चुकीचं उत्तर द्यायच्या भीतीने बोलणंच टाळतो आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बुजरा आहे. टीव्हीचा आवाज, "काय?" किती वेळा, फोन कोणत्या कानाला, एवढं बघा.

त्रिमूर्तीनगर_तिसरा_मजला

डिले "लाँग" केला, आयकॉन पळणं थांबलं! फोन मात्र कायम उजव्याच कानाला लावतात. डाव्याला लावून दिला तर लगेच बदलून घेतात. हे दोन-तीन वर्षांपासून आहे.

धरमपेठ_श्रवण

म्हणजे डावा कान तपासायलाच हवा. आधी कान-नाक-घसा डॉक्टर, कारण नुसता मळ साचलेला असू शकतो. घरी काडी, गरम तेल काही नको. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणीआधी बाजारातलं स्वस्त आवाज वाढवणारं यंत्र घेऊ नका. ते गाडीचा हॉर्न आणि माणसाचा आवाज सारखाच मोठा करतं, चार दिवसांत डब्यात जातं. मशीन लागलंच तर तपासणीच्या आलेखाप्रमाणे सेट करून घ्यायचं. आणि कधी एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे उशीर चालत नाही.

तोवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब टाकून भाषा मराठी करा. समोरचा बोलतो ते मोठ्या अक्षरात उमटतं. बगीच्यातल्या गोंधळात फारसं कामाचं नाही, पण डॉक्टरकडे किंवा बँकेत उपयोगी पडतं.

खामला_कट्टा

मग बाकाचंही ठरलं. बाबांनी बसताना त्यांच्या डाव्या हाताकडचं टोक धरावं, म्हणजे येणारा प्रत्येक माणूस उजव्या कानाकडे बसेल. रस्ता आणि हॉर्न डावीकडे राहतील असा बाक मिळाला तर आणखी उत्तम.