मदत हवी आहे: सोन्याच्या नॅनोकणांचा रंग – यात क्वांटम नेमकं कुठे येतं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला प्लाझमॉनिक्स (प्रकाशामुळे धातूतले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात, त्याचा अभ्यास) घेतलंय. बॅचमध्ये हा विषय दुसऱ्या कुणाचा नाही, त्यामुळे अडलं की विचारायचं कुणाला हा प्रश्न पडतो. इथे ऑप्टिक्सवाले जाणकार आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रयोग छान चाललाय. क्लोरोऑरिक अ‍ॅसिडच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातलं की फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट-जांभळी छटा येते आणि शेवटी माणकासारखा लाल रंग चढतो. यूव्ही-व्हिजिबल वर्णपटमापकावर शोषणाचा पीक 520 नॅनोमीटरच्या आसपास. त्याच क्युवेटमध्ये मिठाचं पाणी सोडलं की बघता बघता द्रावण निळं पडतं: सायट्रेटचा ऋण प्रभार झाकला जातो, कण एकमेकांजवळ येतात आणि त्यांचे प्लाझमॉन (इलेक्ट्रॉनांची ही सामूहिक दोलनं) जोडले जातात. हे कितीही वेळा बघितलं तरी माझं मन भरत नाही.

अडलंय ते गणितात. कण तरंगलांबीपेक्षा खूपच लहान, म्हणून पीक कुठे येईल याची अट सोपी: सोन्याच्या परावैद्युतांकाचा (विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणारा अंक) वास्तव भाग = −2 × पाण्याचा (1.77). निव्वळ ड्रूड मॉडेल (फक्त मुक्त इलेक्ट्रॉन धरणारं) आणि प्लाझ्मा ऊर्जा 9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेतली तर पीक 294 नॅनोमीटरला येतो, म्हणजे थेट अतिनील! ड्रूडच्या सूत्रातल्या स्थिरांक 1 च्या जागी 9.5 घातले की 498. जवळ आलो, पण हे 9.5 आले कुठून? पुस्तकात 'बद्ध इलेक्ट्रॉनांचं योगदान' एवढंच लिहिलंय. आकडा जुळवून घेतल्यासारखं वाटतं आणि तेच मला पटत नाही.

दुसरं, पर्सेल परिणाम (1946). कणाजवळ चमकणारा रेणू ठेवला तर त्याचा उत्सर्जनाचा दर बदलतो. उत्स्फूर्त उत्सर्जन ही तर पक्की क्वांटम गोष्ट. मग सगळे जण रेणूच्या जागी साधा दोलायमान द्विध्रुव ठेवून, त्याने दिलेली शक्ती मॅक्सवेलच्या समीकरणांतून काढून दर कसा काय सांगतात?

लॅपटॉपवर मीप (मॅक्सवेलची समीकरणं संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. 20 नॅनोमीटरच्या गोलासाठी ते वापरावं का, हेही सांगा.

आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद:

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारे आहेत. तुमची शंका रास्त आहे, 9.5 हा स्थिरांक म्हणजे तडजोडच. सोन्यात साधारण 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर d पट्ट्यातले इलेक्ट्रॉन (पुस्तकातले 'बद्ध' ते हेच) वर उडी मारतात, आणि तुमचा पीक नेमका त्याच उंबरठ्यावर आहे. तिथे हे योगदान ऊर्जेबरोबर झपाट्याने बदलतं, एका आकड्यात मावत नाही. जॉन्सन आणि क्रिस्टी यांची 1972 ची मोजमापं घ्या. त्यांतून तुमची अट 515 च्या आसपास पूर्ण होते, आणि परावैद्युतांकाचा काल्पनिक भाग (शोषण दाखवणारा) मोठा असल्याने पीक पसरट का दिसतो तेही कळतं. म्हणजे क्वांटम इथे पदार्थात आहे, प्रकाश मात्र मॅक्सवेलचाच.

पर्सेलमध्ये आपण गुणोत्तर काढतो. क्वांटम दर आणि द्विध्रुवाची शक्ती, दोन्ही त्या जागच्या ग्रीन फलनाच्या (बिंदूस्रोताचं क्षेत्र सांगणारं फलन) काल्पनिक भागाच्या प्रमाणात असतात, म्हणून मोकळ्या अवकाशाच्या तुलनेत किती पट हा आकडा सारखाच येतो. मूळ दर हवा असेल तर क्वांटमला पर्याय नाही. आणि ऊर्जेची देवाणघेवाण ऱ्हासापेक्षा वेगाने होऊ लागली की ठराविक दराने उत्सर्जन होतं हे गृहीतकच कोसळतं. तो प्रबळ युग्मनाचा प्रांत, सध्या बाजूला ठेवा.

गोलासाठी मीप नको, गुस्ताव मी (Mie) यांची गोलासाठीची 1908 ची उकल पुरे. कण जोडीने आले की मग मीप.

एक मात्र बघा. रेणू धातूच्या अगदी जवळ, काही नॅनोमीटरवर आणला की दर भरमसाट वाढतो, पण चमक विझते, कारण ऊर्जा धातूतच उष्णता होऊन जिरते. तेव्हा द्विध्रुवाची एकूण शक्ती आणि दूरवर पोचणारी शक्ती वेगवेगळी काढा.