देवगिरीच्या लेव्हलमधी चांदमिनार लुकलुकायलाय, अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) काळे चौकोन. रेंडरडॉकमधी (फ्रेम पकडून तपासायच्या टूलमधी) नेमकं काय बघू?

गोदाकाठ, नांदेड:
मित्रहो, व्हल्कनवर (ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या एपीआयवर) स्वतःच्या गेम इंजिनात देवगिरी किल्ल्याची लेव्हल करायलोय. वरच्या बारादरीतून खाली बघितलं की चांदमिनाराचे सज्जे आणि भिंत एकमेकांत घुसल्यागत लुकलुकतात. अन् अंधारीत मशालीजवळ गेलं की काळे चौकोन उमटतात, पसरत जातात. निअर (कॅमेऱ्याला दिसायची जवळची हद्द) ०.०१, फार (लांबची हद्द) ५०००, डेप्थ (दर पिक्सेलच्या अंतराची नोंद) २४ बिटी, ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी) आणि टीएए (मागच्या फ्रेमा मिसळून कडा गुळगुळीत करणं) चालू. रेंडरडॉक टाकलाय, पण फ्रेम पकडायला गेममधी एफ१२ दाबलं तर काहीच होईना. ओपन सोर्स टूलंच सांगा.

खडकीकर, संभाजीनगर:
आधी एफ१२. गेम चालू करून मागून रेंडरडॉक जोडता येत नाही, व्हल्कनचा इन्स्टन्स बनतानाच त्याचा लेयर (मधे बसणारा थर) चढलेला लागतो. म्हणून गेम रेंडरडॉकच्या 'लाँच ॲप्लिकेशन' टॅबमधूनच सुरू कर. वर्किंग डिरेक्टरी नीट दे, नाहीतर टेक्श्चर सापडत नाहीत अन् दोष भलत्यालाच लागतो. मधे लाँचर असेल तर 'कॅप्चर चाइल्ड प्रोसेसेस'वर टिक. डाव्या कोपऱ्यात वर रेंडरडॉकची ओळ दिसली म्हणजे जोडला गेला. विंडोजवर डीबगर लावलेला असेल तर एफ१२ तोच खातो, प्रिंटस्क्रीन वापर.

काळे चौकोन म्हणजे बहुतेक नॅन ('नॉट अ नंबर', आकडाच नसलेलं उत्तर). ब्लूमच्या आधीचं एचडीआर टार्गेट (ज्या इमेजवर चित्र काढलं जातं ती) टेक्श्चर व्ह्यूअरमधी उघड, ओव्हरलेमधून नॅनवालं निवड. नॅन लाल, इन्फिनिटी हिरवी, ऋण आकडे निळे दिसतात. लाल ठिपक्यावर राइट क्लिक, मग 'हिस्टरी'. कोणत्या ड्रॉनं (चित्र काढायच्या कमांडनं) तो लिहिला ते कळतं, तिथूनच शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा प्रोग्राम) ओळीओळीनं डीबग होतो. शेडर डीबग माहितीसकट कंपाइल केलेला नसेल तर तुझा सोर्स दिसणार नाही, नुसतं डिसअसेंब्ली वाचत बसशील.

मशालीजवळ म्हणतोस तर स्पेक्युलरचं (चकाकीचं) पॉव, म्हणजे घात काढायचं फंक्शन बघ, त्याच्यात जाणारा डॉट (दोन दिशांचा गुणाकार) ऋण आला की नॅन. तिथं मॅक्स लावून ० च्या खाली जाऊ देऊ नको. शून्य लांबीच्या व्हेक्टरचं नॉर्मलाइझ दुसरा संशयित. एकच पिक्सेल बिघडतो, पण ब्लूम दर पायरीला निम्मा होतो, सहाव्या पायरीवरचा एक पिक्सेल मूळच्या ६४ × ६४ पिक्सेलांवर पसरतो. चौकोन तिथून येतात. टीएए मागच्या फ्रेमचा रंग मिसळतं, म्हणून एकदा शिरलेला नॅन निघतच नाही. ब्लूमच्या तोंडाशी गाळणी लावून दोष झाकू नको, उगमाशी मार.

मांजरातीर, लातूर:
लुकलुकणं निअर ०.०१ मुळंच आहे भाऊ. लांबच्या अंतरावर डेप्थची एक पायरी म्हणजे साधारण अंतराचा वर्ग भागिले (निअर × २ चा २४ वा घात). मिनार ५०० मीटरवर धरा: २,५०,००० भागिले १,६७,७७२, म्हणजे जवळजवळ दीड मीटर! सज्जा अन् भिंत एकाच पायरीत पडणारच. निअर ०.३ केलं की तीच पायरी ५ सेंमीवर येते. लांबची 'फार' हद्द कमी करून मात्र फारसं काही हाती लागत नाही.

खात्री करायची तर रेंडरडॉकमधी डेप्थ टार्गेट उघडून दोन्हीकडचे पिक्सेल निवडा. आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे निघाले तर हेच. पण मेश व्ह्यूअरमधी दोन्ही पृष्ठभाग मुळातच एका पातळीवर असले तर कोणताच फॉरमॅट वाचवणार नाही, मॉडेल दुरुस्त करा.

पक्का उपाय रिव्हर्स झेड: ३२ बिटी फ्लोट डेप्थ, प्रोजेक्शनमधी निअर-फारची अदलाबदल, क्लिअर ०, तुलना 'ग्रेटर'. २४ बिटीवर नुसतं उलटं करून उपयोग नाही. आकाश आधी १ वर काढत असाल तर ते आता ० वर न्यावं लागतं, नाहीतर सगळा किल्ला आकाशामागं जातो. डेप्थवरून जागा काढणारे शेडरही बदला.

गोदाकाठ, नांदेड:
निअर ०.३ केल्यावर मिनार गप बसला. पॉवमधी नॅन सापडला, बहुतेक चौकोन गेले. पण एखादा अजून चमकतो, अन् कॅप्चरमधी कधीच येत नाही.

खडकीकर, संभाजीनगर:
कॅप्चरमधी गायब म्हणजे बॅरिअरवर (आधीचं काम संपेस्तोवर पुढचं थांबवणाऱ्या कमांडवर) संशय घे. कॅप्चर करताना वेळेचं गणितच बदलतं, रेस (दोन कामांची आधी कोण ही शर्यत) झाकली जाते. रेंडरडॉक बाजूला ठेव, व्हल्कन कॉन्फिगरेटरमधून क्रोनोसचा व्हॅलिडेशन लेयर (व्हल्कनच्या वापरातल्या चुका पकडणारा) लाव अन् 'सिंक्रोनायझेशन' चालू कर. 'रीड आफ्टर राइट' (लिहून पुरं व्हायच्या आतच वाचणं) आला की कोणत्या कमांडमधी, ते तिथंच लिहून येतं. आधी डीबग युटिल्सनं इमेजांना नावं दे, नाहीतर नुसते हेक्स आकडे वाचत बसशील.

परभणीवाला:
मधेच विचारतो, कॉलेजचा जुना ओपनजीएल प्रोजेक्ट आहे, जीएलबिगिन-जीएलएंड या जुन्या कॉलांवाला. रेंडरडॉक त्याला हातच लावत नाही.

मांजरातीर, लातूर:
लावणार नाही, त्याला ओपनजीएल ३.२ कोअर प्रोफाइल (जुने कॉल वगळलेला प्रकार) लागतं. तुम्ही एपीआयट्रेस (ग्राफिक्सचे कॉल नोंदवणारं टूल) घ्या. 'एपीआयट्रेस ट्रेस' पुढं प्रोग्रामचं नाव, मग फाइल क्यूएपीआयट्रेसमधी उघडायची, कॉल निवडून 'लुकअप स्टेट'. तो सुरुवातीपासूनचा प्रत्येक कॉल साठवतो, फाइल लई फुगते, दोन मिनिटांत आटपा. लिनक्सवर मेसा (ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर) असेल तर 'लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर' हे व्हेरिएबल १ करून, म्हणजे ग्राफिक्स कार्डाऐवजी सीपीयूवर, एकदा चालवून बघा. तिथंही तेच चित्र आलं तर दोष कोडमधी धरा, ड्रायव्हरला शिव्या नंतर.